धुराचा कोळसा: बंदी दुकानावर घालावी की चुलीवर? (डब्लिनचा अनुभव आणि मुंबईच्या भट्ट्या)

लिफीकाठ
मुंबई उच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०२५ ला आदेश दिला की शहरातल्या लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडे वळावं. तेव्हापासून आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर यावर वाद चालू आहे. मी आयर्लंडच्या राजधानीत, डब्लिनला राहते. या शहराने असाच प्रश्न १९९० साली सोडवला आणि ज्या पद्धतीने सोडवला ती मला फार पटते, म्हणून हा धागा.

थोडी पार्श्वभूमी. सत्तरच्या दशकात तेल महागलं आणि लोक घरं तापवायला पुन्हा कोळशाकडे वळले. सरकारचंही त्याला उत्तेजन होतं. घराघरातल्या फायरप्लेसमध्ये बिट्युमिनस कोळसा जळायला लागला. या कोळशात उडून जाणारी डांबरी द्रव्यं भरपूर असतात. उघड्या जाळावर ती पूर्ण जळत नाहीत, काजळी होऊन धुराड्यातून बाहेर पडतात. थंडी असेल आणि वारा पडलेला असेल तर तो सगळा धूर शहरावर बसून राहायचा. जानेवारी १९८२ मध्ये सेंट जेम्सेस हॉस्पिटलमधल्या मृत्यूंचा आकडा अचानक वाढला. तिथले श्वसनरोगतज्ज्ञ ल्यूक क्लॅन्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा संबंध धुराशी जोडून दाखवला.

१९८७ मध्ये हवा प्रदूषणाचा कायदा झाला. पहिला प्रयत्न चुलीचं टोक धरून झाला. बॅलीफर्मट हा डब्लिनमधला कामगारवस्तीचा भाग विशेष नियंत्रण क्षेत्र म्हणून घेतला आणि घर घर गाठून चुली बदलून द्यायच्या ठरल्या. हे सगळ्या शहरात करायचं तर खर्च अफाट, वेळ त्याहून जास्त. मग मंत्री मेरी हार्नी यांनी दुसरं टोक धरलं. १ सप्टेंबर १९९० पासून डब्लिनमध्ये धुराच्या, म्हणजे बिट्युमिनस, कोळशाची जाहिरात, विक्री आणि वाटप बंद. कुणाच्या घरात कुणी शिरलं नाही. लोकांनी दुकानातून बिनधुराचं इंधन आणलं, अनेकांनी गॅस घेतला. हवेतली काजळी साधारण ७० टक्क्यांनी उतरली, तीही पहिल्याच हिवाळ्यापासून.

माझं मत: बंदी दुकानावर हवी, चुलीवर नको. मुंबईत आपण बॅलीफर्मटचीच वाट धरतोय का? तुम्हाला काय वाटतं?

पावभक्त
भट्टीचा पाव गेला तर वडापावात राहिलं काय? :(

आकडेमोड
उत्तम धागा. क्लॅन्सी आणि सहकाऱ्यांचा २००२ चा, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला शोधनिबंध जगभर उद्धृत होतो. बंदीनंतर डब्लिनमध्ये वर्षाला श्वसनविकाराने होणारे ११६ आणि हृदयविकाराने होणारे २४३ मृत्यू टळले, असा त्याचा निष्कर्ष होता. पण २०१३ मध्ये डॉकरी आणि सहकाऱ्यांनी हाच प्रश्न पुन्हा तपासला. क्लॅन्सी स्वतः त्यात होते. हृदयविकाराचे मृत्यू तेव्हा सगळ्या आयर्लंडमध्येच घटत होते, जिथे बंदी नव्हती तिथेही. तो सर्वसाधारण कल वजा केल्यावर हृदयविकारातली घट बंदीच्या नावावर मांडता येईना. श्वसनविकाराच्या मृत्यूंमधली घट मात्र टिकली, जवळपास १७ टक्के.

हे सांगतोय ते बंदीला विरोध म्हणून नाही. श्वसनविकारातली १७ टक्के घट ही प्रचंड गोष्ट आहे. पण चर्चेत फुगलेला आकडा आला की विरोधक तोच उचलतात आणि खरा फायदाही बुडतो.

गिरणगावकर
लहानपणी लालबागला आमच्या गल्लीच्या तोंडाशी कोळशाची वखार होती. शेगडीसाठी लाकडी कोळसा आणायला आई मला पिशवी देऊन धाडायची. समोर गिरणीची चिमणी. गॅलरीत वाळत घातलेल्या धोतरावर काळे ठिपके पडायचे आणि आजी गिरणीच्या मालकाचा उद्धार करायची.

एक माहिती. मुंबईत धुराविरुद्धचा कायदा १९१२ सालचा आहे, बॉम्बे स्मोक न्यूसन्सेस ॲक्ट. कोलकात्याचा त्याही आधीचा, १९०५ चा. म्हणजे लंडनचं १९५२ चं कुप्रसिद्ध धुकं आणि नंतरचा १९५६ चा क्लीन एअर ॲक्ट यांच्या कितीतरी आधी आपल्याकडे कायदा होता. त्याचं लक्ष भट्ट्या आणि बॉयलरच्या चिमण्यांकडे. घरातल्या शेगडीला कुणी हात लावला नाही. शेगडी गेली ती गॅस सिलिंडर आला म्हणून.

भट्टीशेजारी
@पावभक्त, रागावू नका, पण मी एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर वाढले. पहाटे साडेतीनला भट्टी पेटायची. खिडक्या लावून झोपायचं, मे महिन्यातसुद्धा. लाकूड म्हणजे आंब्या-बाभळीचं स्वच्छ सरपण असं कुणी डोळ्यांसमोर आणू नये. पाडलेल्या घरांच्या चौकटी, पॅकिंगच्या पेट्या, रंग लावलेलं फर्निचर, प्लायवूड, सनमायका, जे स्वस्त मिळेल ते आत जायचं. त्याचा वास वेगळा असतो, घशाला चिकटतो. माझ्या धाकट्या भावाला दमा होता. घर बदलल्यावर त्याचा पंप हळूहळू कमी झाला. ते बेकरीमुळेच होतं असं डॉक्टरांनी लिहून दिलं नाही, पण आईच्या मनात शंका नव्हती आणि माझ्याही नाही.

त्या बेकरीतला पाव चांगला होता, तेही खरं.

पावभक्त
@भट्टीशेजारी, हे वाचून वाईट वाटलं. सनमायक्याच्या धुरावर भाजलेला पाव मलाही नको.

सीमेवरचा
मी डन्डॉकला असतो, उत्तर आयर्लंडच्या सीमेजवळ. लिफीकाठ यांच्या मताला माझा अर्धाच पाठिंबा. दुकानावरची बंदी जिथवर दुकानाची हद्द तिथवरच चालते. १९९० ची बंदी फक्त डब्लिनची होती. कॉर्क १९९५ मध्ये आलं, आमचं गाव, ड्रॉहेडा, लिमरिक वगैरे १९९८ मध्ये, गॉलवे २००० मध्ये. म्हणजे बरीच वर्षं शहराच्या वेशीबाहेरच्या दुकानात गाडी नेली की डिकी भरून धुराचा कोळसा मिळायचा. आमच्याकडे तर पलीकडे दुसरंच राज्य. तिकडे व्हॅट ५ टक्के, आयर्लंडसारखा कार्बन कर नाही, त्यामुळे पोतं स्वस्त. व्हॅनमधून दारोदार विकणारे असायचे, पावती नाही, पाटी नाही. हिवाळ्यात संध्याकाळी सहानंतर आमच्या घरांच्या वसाहतीत चालायला निघालं की कुणाच्या घरी काय जळतंय ते नाकाला कळायचं.

देशभर बंदी घालणार असं मंत्री ॲलन केली यांनी २०१५ मध्ये जाहीर केलं होतं. प्रत्यक्षात नियम लागू झाले ३१ ऑक्टोबर २०२२ ला. मधली सात वर्षं कशात गेली ते लिफीकाठ यांनी सांगावं, मला त्यातलं राजकारण तितकंसं ठाऊक नाही.

लिफीकाठ
@सीमेवरचा, त्याचं मुख्य कारण टर्फ, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेला पीट. कोळसा कंपन्यांनी कोर्टात जायचा इशारा दिला. आमच्या कोळशावर बंदी, आणि तितकाच धूर करणाऱ्या टर्फला मोकळीक, हा भेदभाव आहे असं त्यांचं म्हणणं. सरकारला कायदेशीर सल्लाही तसाच मिळाला. आणि टर्फवर हात टाकायची कुणाची हिंमत नव्हती, कारण ग्रामीण भागात पिढ्यान् पिढ्या लोक आपल्या वाट्याच्या दलदलीतून टर्फ कापत आलेत. २०२२ मध्ये तेव्हाचे पर्यावरण मंत्री एमन रायन यांनी नियम आणले तेव्हा सत्ताधारी पक्षांचेच ग्रामीण आमदार उसळले. शेवटी तडजोड झाली. टर्फ दुकानात, जाहिरात देऊन किंवा ऑनलाइन विकायचा नाही. पण ज्यांना कापायचा हक्क आहे त्यांनी स्वतः वापरावा, शेजाऱ्याला द्यावा, हे चालेल.

नवे नियम नुसते ‘कोळसा नको’ असे नाहीत. इंधनाने तासाला १० ग्रॅमपेक्षा जास्त धूर सोडू नये, त्यात गंधक २ टक्क्यांच्या आत असावं (पुढे ते १ टक्क्यावर आणायचं होतं) आणि लहान पोत्यांतून विकल्या जाणाऱ्या लाकडात ओल २५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावी. गंधकाची अट महत्त्वाची आहे. बिनधुराच्या गोळ्यांमध्ये पेटकोक (तेल शुद्ध करताना उरणारा कोळशासारखा पदार्थ) मिसळला की काजळी कमी होते पण गंधक वाढतं. १९९० च्या बंदीनंतर काजळी धडाधड उतरली, सल्फर डायॉक्साइडमध्ये मात्र तसा फरक पडला नव्हता.

मनीषा_लीड्स
इंग्लंडमध्येही १ मे २०२१ पासून पोत्यातला पारंपरिक घरगुती कोळसा विकायला बंदी आहे, सुट्टा कोळसा २०२३ पासून बंद. ओलं लाकूड लहान मापात विकता येत नाही. पण इकडे आता गरिबांचा कोळसा हा प्रश्न राहिलेला नाही, हौसेचं लाकूड हा आहे. सेंट्रल हीटिंग असलेल्या घरात शोभेला लाकडाची शेगडी बसवतात, नाताळात ती पेटवतात आणि फोटो टाकतात. माझ्या समोरच्या घरी आहे. आजारी आजीला ऊब हवी म्हणून कोळसा जाळणाऱ्या बाईशी कायद्याने जितकं कडक वागायचं, त्याहून जास्त कडक या हौसेशी वागायला हवं. यावर माझं मत ठाम आहे.

खमंग
विषयांतराबद्दल क्षमस्व. पण भरताचं वांगं? जळगावची हिरवी वांगी काट्यांच्या जाळावर भाजतात ती चव गॅसवर येत नाही, हे कुणी नाकारू शकेल का?

गिरणगावकर
@खमंग, नाही नाकारत. शेतात, वर्षातून चार वेळा, मोकळ्या वाऱ्यावर. खुशाल करा आणि मलाही बोलवा. :)

चांदा_कोलफिल्ड
सगळं वाचलं. डब्लिनचं डब्लिनजवळ. मी चंद्रपूरचा, वडील कोळसा खाणीत होते. आमच्याकडे दुकानावर बंदी घाला म्हटलं तर पहिला प्रश्न, कोणतं दुकान? पहाटे सायकलला दोन्हीकडून पोती लावून माणसं खाणीच्या बाजूने शहराकडे ढकलत नेताना मी लहानपणापासून पाहिली आहेत. ट्रकमधून सांडलेला, रेल्वे सायडिंगला वेचलेला कोळसा. बायाबापड्या अंगणात सिगडी पेटवतात आणि धूर ओसरेपर्यंत बाहेर ठेवतात. संध्याकाळी सगळी वस्ती निळसर दिसते. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची क्रमवारी लावली, त्यात चंद्रपूर चौथं होतं, ८३.८८ गुण. त्यात वीजकेंद्राचा आणि कारखान्यांचा वाटा मोठा. लोक म्हणतात, त्या चिमण्या आधी बघा, मग आमची सिगडी.

तो सायकलवाला माणूस दिवसभर दीड-दोनशे किलो ढकलतो. त्याचं पोतं जप्त करणं सगळ्यात सोपं, म्हणून तेच केलं जातं. उज्ज्वलाचा सिलिंडर २०१६ पासून घरोघर आला हे चांगलं झालं. पण तो पुन्हा भरायला एकरकमी पैसे लागतात आणि कोळसा वीस-तीस रुपयांचाही मिळतो. रोजंदारीवरच्या घरात हा फरक मोठा असतो. गॅस पाच-पाच किलोंनी, हप्त्याने, वस्तीत मिळाला तर सिगडी आपोआप विझेल. आधी बंदी आणि मग गॅस हा क्रम मला मान्य नाही.

लिफीकाठ
@चांदा_कोलफिल्ड, तुमचं वाचून टर्फचा मुद्दा मला जास्त स्पष्ट झाला. तिथेही दुकान नाही म्हणूनच कायदा अडला. आयर्लंडमध्ये कमी उत्पन्नाच्या घरांना हिवाळ्यात २८ आठवडे इंधन भत्ता मिळतो, १९९० मध्येही गरिबांच्या जादा खर्चाचा विचार झाला होता. भत्ता नसता तर बंदी टिकली नसती असं मीही म्हणेन.

गोबीचा_वारा
चांदाभाऊंच्या ‘क्रम’ या मुद्द्याला जोडून. मी खाणकामाच्या नोकरीत मंगोलियाला होतो. उलानबातरच्या टेकड्यांवर गेर, म्हणजे नमद्याच्या तंबूंच्या वस्त्या आहेत, वीजवाहिनी आहे पण शहराची गरम पाण्याची नळयोजना तिथवर पोचत नाही. तापमान उणे तीसला जातं. प्रत्येक गेरमध्ये लोखंडी चूल आणि त्यात कच्चा कोळसा. सरकारने १५ मे २०१९ पासून शहरात कच्च्या कोळशाची वाहतूक, विक्री आणि वापर तिन्ही बंद केलं आणि सरकारी कारखान्यातल्या विटा, म्हणजे ब्रिकेट, अनुदानित भावाने विकायला सुरुवात केली. पहिल्याच हिवाळ्यात धूर खरोखर कमी झाला. पूर्वी टेकडीवरून शहर दिसत नसे, ते दिसायला लागलं.

पण त्याच शरद ऋतूत कार्बन मोनॉक्साइडने माणसं गुदमरली. शेकड्यांनी इस्पितळात गेली, काही दगावली. ब्रिकेट कच्च्या कोळशापेक्षा वेगळी जळते, तिला जास्त हवा लागते. लोकांनी मात्र जुन्या सवयीने रात्री हवेची झडप लावून घेतली, धुराडी साफ नव्हती. नंतर घरोघर वायूचे सेन्सर वाटले, धुराडी साफ करायच्या मोहिमा झाल्या. इंधन बदललं की चूल, धुराडं आणि चुलीजवळची माणसं या तिघांचीही तयारी करून घ्यावी लागते. मुंबईतल्या भट्टीवाल्यांना गॅस देताना हे कुणी शिकवतंय का?

आकडेमोड
क्रम चुकल्याचं आणखी एक उदाहरण चीनचं. २०१७ मध्ये पेइचिंगच्या आसपास हपेई प्रांतात गावागावांतून सुट्ट्या कोळशावर बंदी आली, लाखो घरांना गॅस जोडायचा धडाका लावला. डिसेंबरात गॅस कमी पडला. च्युयांग तालुक्यात काही शाळांची मुलं वर्गापेक्षा बाहेर ऊन आहे म्हणून मैदानात बसून शिकत असल्याचे फोटो आले. मग पर्यावरण मंत्रालयाने तातडीचं पत्र काढलं, जिथे गॅस पोचला नाही तिथे कोळसा चालू ठेवा. हवा त्या हिवाळ्यात सुधारली, पण किंमत मुलांनी मोजली.

डोंबिवली_फास्ट_नाही
दिल्लीतही १ जानेवारी २०२३ पासून एनसीआरमध्ये (दिल्ली आणि भोवतालच्या पट्ट्यात) उद्योगांना कोळसा बंद आहे, वीजकेंद्रं वगळून. वीजकेंद्रं वगळली हे वाचून चांदाभाऊ काय म्हणतील ते दिसतंच आहे.

चांदा_कोलफिल्ड
तेच म्हणेन.

लिफीकाठ
आयर्लंडमध्ये तीही तक्रार उरली नाही. क्लेअर परगण्यातलं मनीपॉइंट हे इथलं एकमेव कोळशावरचं वीजकेंद्र, ते जून २०२५ मध्ये कोळसा जाळायचं थांबलं.

तिसरी_पिढी_बेकर
बराच वेळ नुसता वाचत होतो. आमची मुंबईत बेकरी आहे, आजोबांपासून. नोटीस आम्हालाही आली.

बाहेरून दिसत नाही ते लिहितो. आमची भट्टी म्हणजे खोलीएवढी विटांची घुमटी. रात्री तापवायची, निखारे बाजूला ओढायचे आणि विटांत साठलेल्या उष्णतेवर पहाटेपासून लादी भाजायची. तिला नुसता गॅसचा बर्नर लावून भागत नाही, उष्णता सारखी पसरत नाही, कडेचा पाव करपतो आणि मधला कच्चा राहतो. म्हणजे नवा ओव्हन आला. जागा भाड्याची, पागडीची. पाइपचा गॅस गल्लीत आहे, आमच्या इमारतीत नाही, आणि खोदाईची परवानगी, सोसायटीची संमती, अग्निशमनचा दाखला या तीन दारांत फाइल फिरते. लाकूड सोडायची आमची तयारी आहे. धूर आधी आमच्याच कारागिरांच्या छातीत जातो. माझे काका पन्नाशीत खोकल्याने बेजार होते, आणि ते भट्टीच्या तोंडाशी उभे राहायचे. पण पावाचा भाव एक रुपयाने वाढला तरी गिऱ्हाईक बोलतं, मग ओव्हनचा हप्ता कुठून काढायचा?

लिफीकाठताईंना उत्तर: आमच्या बाबतीत दुकानावर बंदी चालणार नाही. आमचं सरपण कुठल्या एका दुकानातून येतच नाही. आज भंगारवाला, उद्या घर पाडणारा कंत्राटदार, परवा वखार.

आकडेमोड
मला वाटतं या उत्तरात गाठ सुटते. डब्लिनमध्ये चुली लाखाच्या घरात आणि कोळसा आणणारे व्यापारी मोजके, तोही बंदरातून येणारा. म्हणून दुकान धरणं शहाणपणाचं. मुंबईत उलट आहे. लाकूड पुरवणारे असंख्य आणि विखुरलेले, पण भट्ट्या परवान्यावर चालतात, प्रत्येकीचा पत्ता पालिकेच्या वहीत आहे. इथे भट्टी धरणंच सोपं आणि योग्य. चंद्रपुरात दोन्ही टोकं विखुरलेली, म्हणून तिथे फक्त स्वस्त गॅस.

लिफीकाठ
@आकडेमोड, हे मी मूळ लेखात अशा शब्दांत मांडलं नव्हतं, पण मला पूर्ण पटलं. मुंबईचा आदेश चुकीच्या टोकाला आहे असं मी आता म्हणणार नाही. बॅलीफर्मटची अडचण मात्र तिथेही येणार: चूल बदलायची तर बदलायचा खर्च कुणी करायचा हे आधी ठरवावं लागतं. @तिसरी_पिढी_बेकर, तुमच्या भागातल्या बेकऱ्यांनी एकत्र अर्ज केला तर गॅस कंपनी आणि पालिका एकाच खोदाईत चार-पाच जोडण्या देऊ शकतील का? इकडे परगणा काउन्सिल गल्लीनिहाय कामं करतात, तेव्हा दरघरटी खर्च बराच कमी येतो.

तिसरी_पिढी_बेकर
आमच्या रस्त्यावर सहा बेकऱ्या आहेत. दोघांशी बोलणं नाही, वडिलांच्या काळापासून. पण या कामासाठी बोलेन. सोमवारी वॉर्ड ऑफिसला जातोय, खोदाईचा अर्ज सगळ्यांच्या नावाने एकत्र घेतात का ते विचारून इथे लिहितो.

भट्टीशेजारी
जरूर लिहा. आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांच्या सह्या लागल्या तर सांगा. सोसायटीची संमती अडली असेल तिथे धूर खाणारी माणसं तुमच्या बाजूने उभी राहतील. माझी आई अजून त्याच भागात राहते, तिची ओळख मोठी आहे.